पार्वतीबाईंची खुर्ची

नागपूर,
४ जुलै १९७८

ती. अरुताईस,
सा. न. वि. वि.

मी कोराडीची नोकरी सोडली हे मामांनी तुला कळवलं असेलच, आणि भाच्याचं डोकं फिरलं हेही सोबत कळवलं असेल. डोकं जागेवर आहे. वीज केंद्राचं क्वार्टर सोडून आम्ही महाल भागात दोन खोल्या घेतल्या. दोरीवरचे कपडे राख न झटकता घरात आणता येतात म्हणून शामला खूश आहे. कामठी रोडवर एक पत्र्याची शेड मिळाली, तिथे मी संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र बनवतो आहे. नरखेडचा कवडू तुला आठवत असेल, माझा शाळासोबती. त्याच्या बागेत बाया दिवसभर उकिडव्या बसून लहान-मोठी संत्री हातानं निवडतात. माझ्या यंत्रात दोन लांब रूळ असतील, सुरुवातीला जवळजवळ आणि पुढे हळूहळू फाकत जाणारे. लहान फळ आधी खाली पडेल, मोठं शेवटी. कल्पना एवढीच.

पण कल्पना म्हणजे यंत्र नव्हे, असं आमचे कॉलेजातले मधुकरराव सर बजावत असत. ते फळ्यावर चौकोन काढायचे: गरज, अटी, कल्पना, आराखडा, नमुना, चाचणी. मग चाचणीपासून मागच्या प्रत्येक चौकोनाकडे उलटे बाण. दर चौकोनाशी थांबायचं आणि यंत्र वापरणाऱ्याला विचारायचं. तो हजर नसेल तर बैठकीत त्याची एक खुर्ची मांडायची, आणि आपल्यातल्या कुणीतरी तिच्यावर बसून त्याच्या बाजूनं भांडायचं. सर म्हणत, सगळ्यात अडचणीचा माणूस धरा, त्याला जमलं की सगळ्यांना जमतं.

म्हणून मी एक बाई धरली. पन्नाशीची, बुटकी, उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्वी कधीतरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेली. शामला म्हणाली, बिननावाच्या खुर्चीवर मी बसणार नाही. तिनंच नाव ठेवलं, पार्वतीबाई. मंडपवाल्याकडून एक घडीची लोखंडी खुर्ची आणली आहे. शामला दोन बोटं मिटून तिच्यावर बसते आणि माझ्या चुका काढते. फार हसतो आम्ही.

आता तुझं काम. तू कंपनी कायद्याच्या वकिलांकडे इतकी वर्षं आहेस. कंपनी काढायची तर काय करावं लागतं ते माझ्यासारख्याला समजेल अशा भाषेत लिही.

तुझा,
मार्तंड

*

मुंबई,
१५ जुलै १९७८

चि. मार्तंडास,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी डोक्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. 'शामलाचं नशीब' एवढंच लिहिलं होतं. ते लग्न मी जमवलं, तेव्हा तिच्या नशिबाचा जाब मलाही द्यावा लागणार. म्हणून नीट वाच.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला निदान दोन सभासद लागतात. तू आणि शामला, झालं. आधी नाव सुचवायचं. मुंबईच्या रजिस्ट्रारनं ते मान्य केलं की दोन कागद तयार करायचे. कंपनी कशासाठी काढली ते एकात, तिचा कारभार कसा चालेल ते दुसऱ्यात. त्यांवर तुम्ही दोघांनी साक्षीदारासमोर सह्या करायच्या. मग रजिस्ट्रार दाखला देतो, आणि त्या दिवशी कंपनी जन्माला येते.

जन्माला येते हे मी थट्टेनं म्हणत नाही. कायद्याच्या लेखी कंपनी हा एक माणूसच आहे, तुम्हा दोघांहून वेगळा. तिला हात नाहीत, पाय नाहीत, तरी ती जमीन घेते, करार करते, कोर्टात उभी राहते. सभासद मेले तरी ती मरत नाही. ती संपवायची तर रीतसर ठराव करून गुंडाळावी लागते. दाखला मिळेपर्यंत मात्र ती कुणीच नसते. बाळ व्हायच्या आधी झबली शिवतात तशी सगळे तिच्या वतीनं धावपळ करत असतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला या गोष्टीची चक्क भीती वाटायची. आता रोज इतक्या जन्माला घालते की काही वाटत नाही.

शामलाला म्हणावं, खुर्चीवरून उठलीस की मला चार ओळी लिही. तिचं मोत्यासारखं अक्षर पाहिलं की या ऑफिसातसुद्धा बरं वाटतं.

तुझी,
अरुताई

*

नागपूर,
२७ ऑगस्ट १९७८

ती. अरुताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शेडमध्येच मोठ्यानं वाचलं. शामला तेव्हा खुर्चीवर होती. हातपाय नसलेला आणि न मरणारा माणूस हा भाग तिनं पुन्हा वाचायला लावला.

काम जोरात आहे, पण आराखडा दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा पार्वतीबाईंमुळे. रूळ उघडे आहेत ते त्यांना पसंत नाही. "बाबू, माहा हात कुठी ठेवू मी? दोन बोटं गेली, आता बाकीची बी नेतं का?" झाकण करायचं म्हणजे सगळी मापं बदलणार, म्हणून मी म्हटलं, पुढच्या नमुन्यात करू. तर म्हणाल्या, "पुढच्यात काहून? आत्ता बसून राहिली ना मी तुह्यासमोर!" शेवटी झाकण केलं.

शामलाला ही बोली कुठून येते, मला कळत नाही. तिच्या माहेरी असं कुणी बोलत नाही हे तुला माहीतच आहे. विचारलं तर म्हणते, भाजीवालीचं ऐकून ऐकून. असेलही.

ती पत्र लिहीत नाही म्हणून रागावू नकोस. तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडलं आहे. दुपारभर मिटून ठेवते, त्याचंच हे. डॉक्टर म्हणाले, शेकत राहा. पेन धरताना त्रास होतो.

नाव 'ऑरेंज सिटी ग्रेडर्स' असं पाठव.

तुझा,
मार्तंड

*

मुंबई,
५ सप्टेंबर १९७८

चि. मार्तंडास,
आशीर्वाद.

नावाचा अर्ज पाठवला. आता माझं ऐक. शामलाला त्या खुर्चीवरून उठव आणि तू बस. यंत्र तुझं, कल्पना तुझी, बोटं मात्र तिची का आखडावीत? आणि तिला दोन शब्द का होईना, लिहायला सांग.

अरुताई

*

नागपूर,
१६ ऑक्टोबर १९७८

ती. अरुताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे मी खुर्चीवर बसून पाहिलं. दोन बोटं मिटली आणि यंत्राकडे पाहत राहिलो. शामला दारात उभी होती. ती थोड्या वेळानं म्हणाली, "उठा. त्यांना उभं राहवत नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग मी उठलो.

परवा यंत्र ट्रकवर घालून नरखेडला कवडूच्या बागेत नेलं. पहिली चाचणी. बाया यंत्राच्या दोन्ही बाजूंना बसल्या, पण डाव्या बाजूला मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडून. मला वाटलं तिथे ओल असेल. हात लावून पाहिला, कोरडी जमीन होती. मी म्हटलं, सरका की जवळ. तर रुख्मिणी नावाची एक पोरगी सहज म्हणाली, "तिथं पार्वतीबाई बसते ना जी. येऊनच राहिली असंन."

मी कवडूला बाजूला घेतलं आणि विचारलं, तू यांना काय सांगितलंस? तो म्हणाला, "मी काहून सांगू गा? मलेच आत्ता तुह्या तोंडून समजलं."

बहुधा आम्ही गप्पा मारताना कुणीतरी ऐकलं असेल. मी तसंच धरून चाललो आहे. कारण पुढचं महत्त्वाचं आहे. यंत्र भरात चाललं असताना त्याच रुख्मिणीचा पदर सुटला आणि थेट रुळांकडे गेला. झाकणावर पडला आणि तसाच घसरून खाली आला. झाकण नसतं तर पदरामागं हात गेला असता. ताई, त्या झाकणाला मी नाही म्हणालो होतो.

शामला विहिरीजवळ उभी होती. तिथूनच तिनं मान हलवली, सांगितलं नव्हतं का, अशी.

दिवाळीला ये. तुला बरं वाटेल आणि मलाही.

तुझा,
मार्तंड

*

मुंबई,
१४ नोव्हेंबर १९७८

चि. मार्तंडास,
आशीर्वाद.

घरी तुझ्यासमोर बोलले नाही, कारण शामला सतत जवळ होती. आता लिहिते.

भाऊबिजेच्या दुपारी मी अंगणात बसून शामलाला हाक मारली. ती तुळशीपाशी पाठमोरी होती, दहा पावलांवर. तीनदा हाक मारली, ती वळली नाही. तू आतून गमतीनं म्हणालास, "अहो पार्वतीबाई, ताई बोलावतेय." ती लगेच वळली आणि मला म्हणाली, "काय वं बाई?" भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मला अरुताई म्हणणारी, होस्टेलवर माझ्या वह्या सुंदर अक्षरात उतरवून देणारी पोरगी माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मी कुणी मुंबईची पाहुणी आहे. जेवायला वाढताना तिची ती दोन बोटं मिटलेलीच होती. मी हातात घेऊन उघडायला गेले तर म्हणाली, "नाही उघडत. नाहीत ना ती."

मार्तंड, तू माणूस बनवायला निघाला नव्हतास, यंत्र बनवायला निघाला होतास. यंत्र झालं आहे. आराखडा पक्का कर, सह्या करून बंद कर आणि ती खुर्ची मंडपवाल्याला परत दे. मला माझी शामला हवी आहे.

'ऑरेंज सिटी ग्रेडर्स' नामंजूर झालं. त्यासारखं नाव आधीच कुणी घेतलं आहे. दुसरं कळव.

अरुताई

*

नागपूर,
९ जानेवारी १९७९

ती. अरुताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फाडून पुन्हा लिहितो आहे. हसू नकोस एवढीच विनंती.

आराखडा कायम करण्याआधी वापरणाऱ्याला शेवटचा प्रश्न विचारायचा, काही राहिलं का, अशी सरांची पद्धत. त्यानंतर खुर्ची काढून टाकायची. काल सकाळी मी विचारलं. शामला खुर्चीवर होती.

"यंत्राचं काही नाही राहिलं बाबू," ती म्हणाली. "माहं राहिलं. खुर्ची गेली तं मी कुठी बसू?"

मी म्हटलं, "तुम्ही नाहीच आहात. मी तुम्हाला बनवलं आहे."

"बनवली तं बनवली. तुही बहीण बी कंपन्या बनवूनच राहिली ना? त्याईले हात नाही, पाय नाही, तरी दाखला भेटते. मले काहून नाही? त्या पोरीचा हात कोनं वाचवला?"

मग ती शामलाच्याच हाताकडे पाहत म्हणाली, "नाही तं ही पोरगी बी बरी हाये. हिच्यातच राहीन मी."

त्या आवाजात राग नव्हता, ताई. जागा शोधणाऱ्या माणसाचा असतो तसा आवाज होता, आणि त्यामुळेच मी जास्त घाबरलो.

कंपनीचं नाव 'पार्वती फळयंत्र प्रायव्हेट लिमिटेड' असं पाठव. दुसरं काही मला सुचत नाही.

मार्तंड

*

मुंबई,
२ मार्च १९७९

चि. मार्तंडास,
आशीर्वाद.

हसले नाही. तो अर्ज मी दुसऱ्या कुणाला टाइप करू दिला नाही.

नाव मंजूर झालं. कागद सोबत पाठवते. शामलाची सही घे. अंगठा कायद्याला चालेल, मला चालणार नाही. तिला मंजूर झालेलं नाव आधी वाचून दाखव आणि मग पेन दे.

अरुताई

*

नागपूर,
२५ मार्च १९७९

ती. अरुताईस,
सा. न. वि. वि.

हे माझं अक्षर. ओळखलंस ना?

यांनी नाव वाचलं आणि माझी बोटं आपोआप उघडली, झोपेतून उठल्यावर उघडतात तशी. सही एका दमात केली. साक्षीदार म्हणून कवडू भावजी आले होते. ते म्हणाले, "वैनी, तुमी तं आज मोकळ्या दिसून राहिल्या."

मधल्या महिन्यांतलं मला फारसं आठवत नाही. संत्र्याच्या सालीचा वास आठवतो, आणि आपल्या जागेवर आणखी कुणीतरी दाटीवाटीनं बसलं आहे असं वाटायचं ते. वाईट नव्हती गं ती. कुणीतरी हाकलेल म्हणून सारखी धास्तावलेली असायची.

कंपनीचा दाखला आल्यावर चौकट करून शेडमध्ये लावणार आहोत. खुर्ची आम्ही मंडपवाल्याकडून विकत घेतली. ती दाखल्याखाली राहील, तिच्यावर कुणी बसणार नाही.

तू माझ्यासाठी रागावलीस, याचं मला फार बरं वाटलं.

तुझी,
शामला

*

नागपूर,
११ सप्टेंबर १९८४

ती. अरुताईस,
सा. न. वि. वि.

मधली वर्षं बरी गेली म्हणून तुला सणावारापुरतीच पत्रं लिहिली. आता गरज पडल्यावर लिहितो, रागव हवं तर.

काटोल-नरखेडकडे आपली यंत्रं चालतात, नाव झालं आहे, पण एकट्यानं कंपनी ओढणं माझ्यानं होत नाही. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी ताराचंदजी यांनी नवा कारखाना काढला आहे. त्यांना माझा आराखडा हवा आहे आणि मीही हवा आहे, मॅनेजर म्हणून. मी हो म्हटलं. आता 'पार्वती फळयंत्र' ठेवून काय करायचं? गुंडाळायचा ठराव कसा करतात ते कळव, असं लिहायला बसलो होतो.

हे मी गेल्या सोमवारी शामलाला सांगितलं. मंगळवारी तिची बोटं मिटली. काल मी शेडमध्ये गेलो तर ती खुर्चीवर बसलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला पाहून म्हणाली, "आता कुठी जाऊ, बाबू?"

मी काय करू, ताई?

मार्तंड

*

मुंबई,
२० सप्टेंबर १९८४

चि. मार्तंडास,
आशीर्वाद.

कंपनी गुंडाळायची नाही. आराखडा ताराचंदजींना खुशाल विक, तू त्यांच्याकडे जा, दमला आहेस तर विसावा घे. पण काम गेलं म्हणून कंपनी मरत नाही. वर्षाकाठी एक सभा घेतली, रजिस्ट्रारकडे कागद वेळेवर दिले की ती आपली राहते.

तुझे शेअर माझ्या नावावर कर. शामलाचे आमच्या ऑफिसातल्या प्रेमलतेच्या नावावर. दोन सभासद झाले. प्रेमलता टायपिस्ट आहे, माझ्या शब्दाखातर सही करेल, तिला बाकी काही सांगायची गरज नाही. कंपनीचा नोंदलेला पत्ता माझ्या घराचा करू. खुर्ची रेल्वे पार्सलनं पाठव.

तू विचारशील, ताई, तुला हे काय सुचलं? सांगते. मी इतक्या कंपन्या जन्माला घातल्या आणि एकीचंही पुढे काय झालं हे कधी विचारलं नाही. हिचं तर नावही मी माझ्या हातानं टाइप केलं. आणि माझ्या खोलीत कुणाला दाटी होणार नाही. मला भीती वाटते, हे खरंच आहे. पण शामला माझ्या भीतीपेक्षा मोठी आहे.

अरुताई

*

मुंबई,
३० नोव्हेंबर १९८४

चि. मार्तंड आणि सौ. शामला यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र टाइप केलेलं पाहून दचकू नका. मी सांगते आहे आणि प्रेमलता टाइप करते आहे.

शेअर नावावर झाले, पत्ता बदलला. खुर्ची आली, एक पाय जरा वाकला होता, तो सरळ करून घेतला. खिडकीपाशी ठेवली आहे. काल कंपनीची माझ्या घरची पहिली सभा झाली. प्रेमलता आणि मी. ठराव वाचून झाल्यावर मी रीत म्हणून विचारलं, काही राहिलं का? प्रेमलतेला वाटलं मी तिला विचारते आहे. ती नाही म्हणाली. मी खुर्चीकडे पाहत थोडा वेळ थांबले.

आता बरं चाललं आहे. सकाळी चहा दोन कप करते. घरात संत्री कधी आणत नाही, तरी सालीचा वास येतो, आणि मला तो आवडू लागला आहे. परवा भाजीवालीशी बोलताना मी म्हणाले, "काहून वं, एवढी महाग?" ती नुसती बघत राहिली.

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं जरा आखडली आहेत. डॉक्टर म्हणतात, थंडीनं. मुंबईत कसली आली आहे थंडी? काळजी करू नका, मला काही दुखत नाही, आणि हे मी पत्करलं तेव्हाच समजून घेतलं होतं.

फक्त एक करा. शामलाची बोटं उघडली का, ते तिला तिच्या हातानं लिहून पाठवू दे.

तुमची,
अरुताई